युद्ध थांबवण्याची योजना सरकारकडे आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात कुठेही युद्ध पेटले की गोव्यातील वाचनालयांत, महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत आणि देवळांच्या सभामंडपांत भरणाऱ्या व्याख्यानमालांत एक विषय हमखास निघतो: लढणाऱ्या सरकारला हे युद्ध कुठे आणि कसे थांबवायचे हे ठाऊक आहे का? चर्चा बहुधा लवकरच अडते. एक बाजू देशभक्तीचा दाखला मागते, दुसरी सरकारला युद्धखोर ठरवून मोकळी होते आणि मूळ प्रश्न तसाच राहून जातो. फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव अशा ठिकाणच्या श्रोत्यांनी आणि विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आमची मते आहेत आणि ती आम्ही झाकून ठेवलेली नाहीत.

युद्धातून बाहेर पडण्याची योजना म्हणजे नेमके काय? सैन्य परत बोलावणे म्हणजेच ती योजना ना?

सैन्य परत बोलावणे हा त्या योजनेचा अखेरचा भाग झाला. त्याआधी सरकारला ठरवावे लागते की किती साधले म्हणजे पुरे, आणि मनात होते ते सगळे साधले नाही तर कशावर थांबायचे. समोर बोलणी करायला कोण आहे आणि त्याचा शब्द त्याच्याच बंदूकधाऱ्यांवर चालतो का, हे पाहावे लागते. पूर्ण विजयापेक्षा कमी काही स्वीकारले, तर संसदेत, पक्षात, सैन्यदलांत आणि ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांच्यासमोर त्याचे उत्तर कोण देणार, हेही आधीच ठरवावे लागते.

यांपैकी पहिला मुद्दा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. कोणत्याही सरकारला पूर्ण विजयाचे वर्णन करता येते. विजय हाती लागला नाही तर आपण काय मान्य करू, हे मंत्रिमंडळाने निदान बंद दाराआड तरी ठरवले आहे का, यावर योजनेची विश्वासार्हता अवलंबून असते. या पानावरील बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्यापाशी येतील.

युद्ध चालू असताना असे प्रश्न विचारल्याने सैन्याचे मनोधैर्य खचत नाही का?

ही शंका प्रामाणिक असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु इतिहासाचा कौल तिच्या बाजूने नाही. चीनशी युद्ध चालू असतानाच, ८ नोव्हेंबर १९६२ रोजी, भारतीय संसदेचे अधिवेशन मुदतीआधी बोलावण्यात आले. तशी मागणी करणाऱ्यांत तेव्हा तरुण असलेले अटलबिहारी वाजपेयी होते आणि पंडित नेहरूंनी ती मान्य केली. सरकारच्या तयारीवर सभागृहात कठोर टीका झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना टीकेच्या दडपणाखाली आधीच जावे लागले होते, आणि संरक्षण खाते सांभाळण्यासाठी यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. ब्रिटनमध्ये ७ आणि ८ मे १९४० रोजी नॉर्वेतील अपयशावर पार्लमेंटमध्ये चर्चा झाली, तिच्यातून चेंबरलेन यांचे सरकार गेले आणि चर्चिल पंतप्रधान झाले. त्या चर्चेमुळे ब्रिटन हरला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या गोव्याशीच जोडलेले आहे, म्हणून त्याच्याकडे थोडे सविस्तर वळू.

या विषयाचा गोव्याशी काय संबंध? आपल्याकडे तर १९६१ मध्ये मुक्ती झाली, युद्धात अडकणे झाले नाही.

आपण १९६१ कडे नेहमी आपल्या बाजूने पाहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तीच घटना लिस्बनच्या, म्हणजे पोर्तुगाल सरकारच्या, बाजूने पाहिली, तर बाहेर पडण्याची वाट स्वतःच्या हाताने बंद करून घेतलेल्या सरकारचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीने १९५१ मध्ये पोर्तुगालच्या घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ ठरवले. कागदावर हा नावाचा बदल दिसतो, पण त्याचा परिणाम असा झाला की गोव्याविषयी बोलणी करणे म्हणजे देशाचा तुकडा देऊन टाकणे ठरले आणि वाटाघाटींचा प्रत्येक मार्ग द्रोहाच्या व्याख्येत बसू लागला. भारताने वाटाघाटींसाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. फ्रान्सने १९५४ मध्ये पाँडिचेरी शांतपणे सोपवली. ते उदाहरण समोर असूनही लिस्बन हलले नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात पोर्तुगालचे साधारण साडेतीन हजार सैनिक होते, विमानदल नव्हते आणि लढाऊ जहाज म्हणावे असे एकच, ‘अफोंसो द अल्बुकेर्क’, मुरगाव बंदरात होते. अशा स्थितीत १४ डिसेंबर रोजी सालाझार यांनी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांना पाठवलेल्या संदेशाचा आशय असा होता की तह होणार नाही, पोर्तुगीज युद्धकैदी असणार नाहीत, सैनिक एक तर विजयी होतील किंवा मरतील. किमान आठ दिवस टिकून राहावे, म्हणजे तोवर जगाचा पाठिंबा मिळवता येईल, असेही त्यांना कळवण्यात आले होते.

या आठ दिवसांकडे नीट पाहावे, कारण लिस्बनकडे योजना म्हणून जे काही होते ते एवढेच होते. तिचा सगळा भार ब्रिटनवर, नाटोतील मित्रांवर आणि संयुक्त राष्ट्रसंघावर होता. त्यांपैकी एकावरही सालाझार यांचा ताबा नव्हता. ब्रिटन राष्ट्रकुलातील देशाशी लढायला तयार नव्हता. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव आला, तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. इकडे बोरी, बाणस्तारी येथील पूल पोर्तुगीज सैन्याने उडवले, तरी भारतीय तुकड्या पणजीच्या अलीकडे फार काळ अडल्या नाहीत. १९ डिसेंबरच्या रात्री व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. आठ दिवस तर दूरच, दोन दिवसही झाले नव्हते.

याच गव्हर्नरांनी हल्ल्याच्या काही दिवस आधी, कोणालाही चढू देऊ नये असा लिस्बनचा आदेश असतानाही, सुमारे सातशे युरोपीय नागरिकांना ‘इंडिया’ या जहाजातून जाऊ दिले होते. जागेवर असलेल्या अधिकाऱ्याला जे दिसत होते, ते राजधानीला पाहायचे नव्हते. पुढे शरणागती पत्करल्याबद्दल त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. त्यांच्या हुकमाखालील तीन हजारांहून अधिक युद्धकैदी मे १९६२ पर्यंत गोव्यातल्या छावण्यांत राहिले, कारण त्यांना परत घेण्याची घाई त्यांच्याच सरकारला नव्हती.

त्यानंतर पोर्तुगालने आपले धोरण बदलले का?

बदलले नाही, आणि त्याची किंमत गोव्यापेक्षा कितीतरी मोठी झाली. पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींत, म्हणजे अंगोलात १९६१ मध्ये, पोर्तुगीज गिनीत १९६३ मध्ये आणि मोझांबिकमध्ये १९६४ मध्ये, युद्ध सुरू झाले. गोव्याच्या आधीच, एप्रिल १९६१ मध्ये, संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनिझ यांनी आफ्रिकेतील धोरण बदलण्याचा आग्रह धरला आणि सालाझार यांना दूर करण्याचा प्रयत्न केला. त्यांनाच काढून टाकण्यात आले आणि संरक्षण खाते सालाझार यांनी स्वतःकडे घेतले. हे कुठे नेणार आहे, असा प्रश्न विचारणारा माणूस मंत्रिमंडळात होता. तो विचारताच त्याची जागा गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, पिडे हे गुप्त पोलीस खाते होते, संसद नावापुरती होती. मग विचारणार कोण?

तेरा वर्षे चाललेल्या या युद्धांत पोर्तुगालचे आठ हजारांहून अधिक सैनिक गेले आणि आफ्रिकी बळींची संख्या त्याच्या कित्येक पट होती. सक्तीची लष्करी भरती टाळण्यासाठी हजारो तरुण फ्रान्समध्ये निघून गेले. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये जनरल स्पिनोला यांनी जाहीरपणे लिहिले की लष्करी मार्गाने विजय शक्य नाही, आणि २५ एप्रिल रोजी सैन्यातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश आणि तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. व्हासालो ई सिल्व्हा यांनाही त्या क्रांतीनंतर सैन्यात पुन्हा घेण्यात आले. जे १९५४ मध्ये बोलणी करून मिळू शकत होते, त्याला वीस वर्षे आणि एक क्रांती लागली.

मनोधैर्याचा मुद्दा मांडणाऱ्यांपुढे आम्ही नेहमी हा इतिहास ठेवतो. प्रश्न बंद केल्याने पोर्तुगीज सैन्याचे मनोधैर्य टिकले नाही. सैन्यानेच सरकार पाडले.

सरकारने माघारीची तारीख जाहीर केली, तर योजना विश्वासार्ह मानावी का?

नुसत्या तारखेवरून काहीच ठरत नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १ डिसेंबर २००९ रोजी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याची घोषणा केली आणि त्याच भाषणात जुलै २०११ पासून ते परत येऊ लागतील असेही सांगितले. घरच्या मतदाराला दिलासा देणारी ही तारीख तालिबाननेही ऐकली होती. ज्याला स्वतःच्याच मुलखात राहायचे आहे, त्याला थांबून राहणे फारसे अवघड नसते.

मात्र तारीख देऊच नये, असेही आम्ही म्हणत नाही. सोव्हिएत संघाने १४ एप्रिल १९८८ च्या जिनिव्हा करारात अफगाणिस्तानातून माघारीचे वेळापत्रक स्वीकारले आणि ते पाळले. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल ग्रोमोव्ह यांच्यासह शेवटची तुकडी अमूदर्या ओलांडून गेली. त्यानंतर काबूलमधील त्यांच्या पाठिंब्यावरचे नजीबुल्ला यांचे सरकार काही आठवड्यांत पडेल असे भाकीत अनेकांनी केले होते. ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकले, कारण पैसा, इंधन आणि शस्त्रे मॉस्कोकडून येत राहिली. सोव्हिएत संघच संपला तेव्हा तेही संपले. तारीख पाळल्यानंतर कोणती मदत किती काळ चालू राहणार, हे सांगितलेले असेल, तरच त्या तारखेला वजन येते.

शांतता करारावर सही झाली म्हणजे प्रश्न सुटला ना?

सही कोणाची आहे, हे आधी पाहावे. यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना एक करार शब्दशः वाचायला सांगतो: २९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार. तो लांब नाही, एका बैठकीत वाचून होतो. त्यात लिहिले आहे की सही झाल्यापासून ४८ तासांत शस्त्रसंधी लागू होईल आणि त्यानंतर ७२ तासांत सशस्त्र गट शस्त्रे खाली ठेवतील. आता खालच्या सह्या पाहाव्यात: एक राजीव गांधी यांची, दुसरी श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांची. ज्यांनी शस्त्रे ठेवायची होती, त्या लिट्टे या सशस्त्र तमिळ संघटनेची सही कुठेच नाही. पुढे परिशिष्टात म्हटले आहे की शत्रुत्व थांबवण्याची हमी देण्यासाठी श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतील. म्हणजे आपण जाणार दुसऱ्याच्या बोलावण्यावर, आणि यशस्वी होणार तिसऱ्याच्या मर्जीवर.

तीन महिन्यांच्या आत भारतीय सैन्य ज्यांच्या रक्षणासाठी गेले होते त्यांच्यातल्याच एका संघटनेशी लढत होते. जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि त्यांनी भारतीय सैन्याने निघून जावे अशी मागणी केली. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. सुमारे बाराशे भारतीय जवान तिथे कामी आले. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या कागदाच्या भरवशावर त्यांना पाठवले, त्या कागदाविषयी मात्र देशाने पुरेशी चर्चा केलेली नाही, आणि ही गोष्ट आम्हाला आजही सलते.

हाच दोष २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात आहे. तो अमेरिका आणि तालिबान यांच्यात झाला. काबूलचे सरकार त्यात नव्हते, तरीही पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडण्याची जबाबदारी त्याच सरकारवर आली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले.

बोलणी सुरू झाली, म्हणजे शेवट जवळ आला असे समजावे का?

तसे समजू नये. कोरियात जुलै १९५१ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि युद्धबंदी २७ जुलै १९५३ रोजी झाली. मधली दोन वर्षे लढाई चालूच होती आणि वाटाघाटी मुख्यतः एका मुद्द्यावर अडून राहिल्या: परत जायचे नाही असे म्हणणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे. तो तिढा सोडवण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले आणि जनरल थिमय्या यांनी ते सांभाळले. योजनेत युद्धकैद्यांविषयी काही आहे का, हे म्हणूनच आवर्जून विचारावे.

आपल्या देशाने हे नीट केल्याचे उदाहरण आहे का?

आहे. डिसेंबर १९७१ मध्ये उद्दिष्ट मर्यादित आणि स्पष्ट होते: पूर्वेकडे असे सरकार उभे राहावे, ज्याच्या राज्यात निर्वासित परत जाऊ शकतील. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि लगेच भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. लाहोरच्या दिशेने पुढे जाण्याचा मोह टाळणे हा त्या योजनेतला सर्वांत अवघड निर्णय असावा. सत्ता ज्याच्या हाती द्यायची, ते नेतृत्व लोकांनी निवडलेले होते. शेख मुजीबुर रहमान १० जानेवारी १९७२ रोजी ढाक्यात परतले आणि १२ मार्चला भारतीय सैन्याचे निरोपाचे संचलन झाले. जिंकलेल्या सैन्याने तीन महिन्यांत पाय काढून घेतल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

तरीही हे उदाहरण डाग नसलेले नाही. सुमारे ९३,००० कैदी हाती असताना २ जुलै १९७२ च्या सिमला करारात काश्मीरविषयी अधिक काही पदरात पाडता आले असते का, हा वाद आजही मिटलेला नाही. आमच्या मते वाद घालणाऱ्याने दोन्ही गोष्टी सांगाव्यात: पूर्वेकडची योजना उत्तम होती, पश्चिमेकडची अपुरी.

कारगिलचेही नाव या संदर्भात घ्यावे लागते. १९९९ मध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असे सरकारने ठरवले आणि जाहीरही केले. त्यामुळे चढाईत जवानांची हानी वाढली, हा आक्षेप खरा आहे. परंतु घुसखोर बाहेर काढले की युद्ध संपले, ही सीमा सगळ्या जगाला समजली आणि दोन-अडीच महिन्यांत ते संपले.

ज्या देशावर आक्रमण झाले आहे, त्याला हा प्रश्न विचारणे अन्यायाचे नाही का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत अवघड वाटतो. आक्रमक देशाला परत जाण्याचा रस्ता नेहमीच मोकळा असतो. ज्याच्या घरात शत्रू शिरला आहे, त्याने कुठे जायचे? दोन्ही सरकारांना एकाच मापाने मोजणे आम्हाला मान्य नाही.

पण आक्रमण झालेल्या देशालाही युद्ध कधीतरी थांबवावे लागते, आणि संतापाच्या भरात केलेली प्रतिज्ञा त्या वेळी आड येते. १४ नोव्हेंबर १९६२ रोजी आपल्या संसदेने, लढा कितीही लांबला आणि कितीही कठीण झाला तरी आक्रमकाला भारताच्या पवित्र भूमीतून हुसकावून लावण्याचा निर्धार ठरावाद्वारे व्यक्त केला. त्या क्षणी दुसरे काही शक्य नव्हते, हे आम्ही समजू शकतो. आठवड्याभरातच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि तो ठराव मात्र तेव्हापासून सीमाप्रश्नावर तडजोड करू पाहणाऱ्या प्रत्येक सरकारच्या समोर उभा आहे.

युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी अशीच कुलपे लागलेली दिसतात, जरी दोघांची नैतिक बाजू सारखी नाही. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझिया आणि खेरसन हे प्रांत आपल्यात विलीन केल्याचे जाहीर केले, तेही ते पूर्णपणे ताब्यात नसताना. सालाझार यांनी १९५१ मध्ये केले त्याच जातीचे हे पाऊल आहे. त्यानंतर काही दिवसांतच युक्रेनच्या अध्यक्षांनी पुतिन यांच्याशी वाटाघाटी अशक्य असल्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. म्हणून कोणत्याही युद्धावर वाद घालताना, सरकारने कोणती गोष्ट कायद्यात, घटनेत किंवा ठरावात घालून ठेवली आहे, हे आधी शोधावे. भाषणातील शब्द मागे घेता येतो, घटनेतील कलम सहज मागे घेता येत नाही.

अशी योजना गुप्तच ठेवावी लागते. मग ती आहे की नाही, हे नागरिकाला कसे कळणार?

आपण किमान काय स्वीकारू, हे शत्रूला सांगणे मूर्खपणाचे ठरेल, त्यामुळे तपशील गुप्त राहणारच. परंतु योजना असली की तिच्या खुणा बाहेर दिसतात. उद्दिष्ट दर महिन्याला बदलत नाही. शत्रूच्या नेत्यांविषयी, उद्या ज्यांच्यासमोर बसायचे आहे ते माणूस आहेत, अशा भाषेत बोलले जाते. तिसऱ्या देशात कोणीतरी दूत जाऊन-येऊन असतो. विरोधी पक्षनेत्यांना बोलावून माहिती दिली जाते, म्हणजे तडजोडीचा दिवस उजाडला तर ते एकदम उलटणार नाहीत. या खुणांपैकी एकही दिसत नसेल आणि ‘पूर्ण विजय होईपर्यंत’ एवढेच ऐकू येत असेल, तर संशय घेण्याचा नागरिकाला पूर्ण अधिकार आहे.

‘इतके जवान धारातीर्थी पडले, आता मागे फिरलो तर त्यांचे बलिदान वाया जाईल’, या युक्तिवादाला काय उत्तर द्यावे?

हा युक्तिवाद सभागृहात आला की सगळे गप्प होतात, आणि आदरापोटी थोडा वेळ गप्प राहावेही. मग शांतपणे सांगावे की गेलेल्यांचे ऋण आणखी माणसे पाठवून फिटत नाही, आणि पुढे पाठवायच्या जवानाच्या आईसमोर हाच युक्तिवाद तसाच मांडता येईल का ते पाहावे. १९५८ नंतर फ्रान्सचे नेते द गॉल यांनी आपल्या ताब्यातील अल्जीरियाच्या बाबतीत ही गाठ सोडवली. त्यांनी जानेवारी १९६१ मध्ये स्वयंनिर्णयावर सार्वमत घेतले, एप्रिलमध्ये स्वतःच्याच सेनापतींचे बंड मोडले आणि १८ मार्च १९६२ रोजी एव्हियाँ करार केला. त्यांच्यावर जीवघेणे हल्ले झाले. पराभूत न झालेल्या सैन्याला परत बोलावण्याची राजकीय किंमत त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. दुसऱ्या एखाद्या पुढाऱ्याला, ज्याच्यामागे दुसऱ्या महायुद्धातील त्यांच्यासारखी पुण्याई नव्हती, हे जमले असते असे वाटत नाही.

मागे राहणाऱ्यांचे काय?

याच अल्जीरियात फ्रान्सच्या बाजूने लढलेले हरकी मोठ्या संख्येने मागे राहिले आणि हजारोंच्या संख्येने मारले गेले. श्रीलंकेतून भारतीय सैन्य निघाले, तेव्हा त्याच्या भरवशावर तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्रिपद सांभाळणारे वरदराज पेरुमाळ यांनाही देश सोडावा लागला. काबूलच्या विमानतळावरील गर्दी तर सर्वांनी पाहिली आहे. ज्यांनी परक्या सैन्याला दुभाषी म्हणून, वाटाडे म्हणून, कारकून म्हणून मदत केली, त्यांच्यासाठी जागा नसलेली योजना आम्ही विश्वासार्ह मानणार नाही, मग तिचे लष्करी वेळापत्रक कितीही नेटके असो.

वादविवाद स्पर्धेत सरकारच्या बाजूने बोलायचे असेल, तर कोणता मुद्दा घ्यावा?

‘सरकारवर विश्वास ठेवा’ हा मुद्दा घेऊ नये, तो मुद्दाच नव्हे. त्याऐवजी असे मांडावे की युद्धात परिस्थिती बदलते, म्हणून आधी ठरवलेली योजना सरकारला जखडू शकते. १९९१ च्या आखाती युद्धात ठरलेले उद्दिष्ट साधताच जमिनीवरील लढाई शंभर तासांत थांबवली गेली आणि तीवरही टीका झालीच. लवकर थांबण्याचीही किंमत असते, हे सिद्ध करता आले तर ही बाजू भक्कम होते. प्रतिपक्षाने मात्र एकच प्रश्न लावून धरावा: पूर्ण विजय मिळाला नाही, तर तुमचे सरकार कशावर थांबेल?

आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर चाललेल्या युद्धावर गोव्यात वाद घालून काय साधणार?

ते युद्ध गोव्यापासून दूर नसते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतला, तेव्हा गोव्यातल्या किती वाड्यांवर रडारड झाली ते त्या पिढीला विचारावे. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना तेथून हलवावे लागले आणि त्यांत गोंयकार मोठ्या संख्येने होते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालण्याची वेळ आली, तेव्हा सासष्टी, बार्देश, मुरगावातील तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरी नकाशे उघडले गेले. जहाज कोणत्या मार्गाने जाणार, कंत्राट वाढणार की माणूस वेळेवर घरी येणार, पगार कधी जमा होणार, हे त्या घरांचे प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे कुठल्यातरी दूरच्या मंत्रिमंडळाने युद्ध कुठे थांबवायचे हे ठरवले आहे की नाही यावर अवलंबून असतात.

म्हणून चर्चा ठेवताना अशा घरांतील माणसांना श्रोते म्हणून बोलावून थांबू नये, त्यांना व्यासपीठावर बसवावे. आखातातून परतलेला मेकॅनिक किंवा तांबड्या समुद्रातून गेलेला तारवटी पहिला प्रश्न विचारेल, तेव्हा वक्त्यांना भाषण बाजूला ठेवून उत्तर द्यावे लागेल.